अंगणात आधी कोण राहतं?

कोंबडी घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो अंड्यांचा. वर्षाला किती देते? उबवणी केंद्राच्या कागदावर उत्तर छापलेलंच असतं. ग्रामप्रिया 160 ते 180, गिरिराज 130 ते 150, वनराज 100 ते 110, कडकनाथ 80 च्या आसपास, असील जेमतेम 35-40. आकडे खोटे नाहीत. वाचणारा वरच्या ओळीवर बोट ठेवतो, पिल्लांची पेटी मोटारसायकलला बांधून घरी आणतो, अंगणात सोडतो. पावसाळा सरेपर्यंत पन्नासातली आठ-दहा उरलेली असतात. काही मुंगसानं नेली, काही म्हशीच्या पायाखाली गेली, काही शेजारच्या कुत्र्यानं धरली, बाकीची एका आठवड्यात माना टाकून मेली. मग तो म्हणतो, जात बेकार निघाली.

जातीनं काही दगा दिलेला नसतो. ज्या अंगणात ती सोडली, ते अंगण त्या कागदावर कुठंच नव्हतं.

आपल्याकडचं शेतकऱ्याचं अंगण रिकामं कधीच नसतं. गोठ्यात बैल, गाय, म्हैस. खुंट्याला चार शेळ्या. दारात कुत्रं, चुलीपाशी मांजर, बांधावर मुंगूस, आभाळात घार. मोकळी सोडलेली कोंबडी या सगळ्यांच्या मधोमध राहते. तिला त्यांच्यासोबत खायचं असतं, त्यांच्या पायांतून वाट काढायची असते, आणि त्यांतल्या काहींपासून जीव वाचवायचा असतो. म्हणून जात निवडताना पहिला प्रश्न अंगणाचा आणि दुसरा अंड्यांचा. नंदुरबारच्या पाड्यांपासून माणदेशातल्या मेंढपाळांच्या तळांपर्यंत ज्यांच्या कोंबड्या खरोखर टिकलेल्या दिसतात, त्यांनी हा क्रम कुणी न शिकवता पाळलेला आहे.

हा प्रश्न किरकोळ नाही. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे 85 कोटी कुक्कुट पक्षी मोजले गेले. त्यांतले जवळपास 31 कोटी 70 लाख परसातले होते. आधीच्या गणनेपेक्षा परसातले पक्षी 46 टक्क्यांनी वाढले, तर व्यापारी फार्ममधले साडेचार टक्क्यांच्या आसपास. मोठमोठ्या शेडच्या बातम्या येत राहिल्या, पण वाढ झाली ती अंगणात. आणि अंगणातल्या कोंबडीसाठी आपल्याकडे जे मार्गदर्शन मिळतं, ते बहुतेक शेडमधल्या कोंबडीच्या हिशेबानं लिहिलेलं असतं.

०००

नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर कुक्कुटपालनाच्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे. मोठी फार्म, अंड्यांचे ट्रक, गुजरातच्या सीमेला लागून असलेला महामार्ग. त्याच तालुक्यातल्या मावची, गावित, भिल्ल वस्त्यांमध्ये मात्र एक वेगळीच कोंबडी फिरते. तिचं नाव बसरा. नवापूर, धुळ्याकडचा पट्टा आणि पलीकडे गुजरातमधला डांग-सुरतचा भाग हे तिचं मूळ घर. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केलेली आहे. महाराष्ट्राला हक्कानं आपली म्हणता येतील अशा नोंदलेल्या कोंबडीच्या जाती फार थोड्या. त्यांतली ही एक. तरी पुण्या-मुंबईकडच्या वाचकानं कडकनाथ ऐकलेला असतो आणि बसरा ऐकलेली नसते.

बसरा दिसायला लहानखुरी. अंग बरंचसं पांढरं, मानेवर, पाठीवर आणि शेपटीत काळी पिसं, खांद्यांवर आणि पंखांवर तांबूस छटा. पूर्ण वाढलेला पक्षी साधारण एक किलोचा. वर्षाला 40 ते 55 अंडी, आणि अंडंही लहान, 28 ते 38 ग्रॅम. उबवणी केंद्राच्या तक्त्यात ती शेवटून दुसरी-तिसरी येईल. पण सकाळी डालं उचललं की ती काय करते ते पाहण्यासारखं असतं. आधी उकिरडा, मग गोठ्यातलं ताजं शेण, मग शेळ्यांच्या पायांत सांडलेला पाला. बैल पाय हलवतो तेव्हा ती तो पडायच्या आत बाजूला झालेली असते. शेळी शिंग रोखते तेव्हा ती उडून कुडावर बसते. संध्याकाळी कुणी हाकललं नाही तरी आपल्या जागी परत येते. घरातली बाई मूठभर कणी किंवा भाताची चुरी टाकते, तेवढाच तिचा विकतचा म्हणावा असा खर्च.

वस्तीवरच्या बाईचा हिशेब अंड्यांचा नसतो, पिल्लांचा असतो. कोंबडी दहा-बारा अंडी घालते आणि खुडूक बसते. पाटीत भुसा, तळाशी चुलीतली राख, वर अंडी. 21 दिवसांनी पिल्लं. मग दीड-दोन महिने ती त्यांना घेऊन फिरते आणि पुन्हा अंड्यावर येते. वर्षात असे तीन-चार फेरे. एका फेऱ्यात आठ पिल्लं निघाली आणि निम्मी जगली असं धरलं, तरी वर्षाअखेर एका कोंबडीच्या मागे बारा-पंधरा मोठे पक्षी उभे राहतात. बाजारात गावरान कोंबडा अंड्यांच्या भावानं जात नाही. आजारपण, शाळेची वही, पाहुणा, देवाचं मागणं, यांतल्या प्रत्येक वेळी विकायला किंवा कापायला एक पक्षी तयार असतो. हे उत्पन्न वर्षाला 50 अंडी या ओळीत मावत नाही. म्हणून तक्ता वाचून बसराला कमी लेखणं मला चुकीचंच वाटतं.

आईसोबत वाढलेल्या पिल्लाला आणखी एक गोष्ट मिळते. कोंबडी आभाळातल्या धोक्याला एक आवाज काढते आणि जमिनीवरच्या धोक्याला दुसरा. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे दोन्ही आवाज नोंदवून, पुन्हा ऐकवून तपासलेले आहेत. घारीसाठीचा आवाज ऐकला की कळप दबून बसतो किंवा झुडपाखाली घुसतो, मुंगसासाठीचा ऐकला की मान वर करून सावध होतो. यंत्रात उबवलेल्या आणि बल्बखाली वाढवलेल्या पिल्लाला हे शिकवायला कुणी नसतं. त्याला पेटीतून काढून थेट अंगणात सोडणं म्हणजे सरळ सरळ त्याला मारणं आहे.

०००

तरीही सुधारित जाती नकोत असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्या याच अंगणासाठी घडवलेल्या आहेत, आणि घडवणाऱ्यांनी विचार केलेला आहे. वनराज हैदराबादच्या राजेंद्रनगर इथल्या कुक्कुट संशोधन संचालनालयात तयार झाली. तिच्या नराच्या वंशात निवड करताना वजनाबरोबर पायाच्या नळीच्या लांबीवर भर दिला गेला, कारण लांब पायांचा पक्षी पळतो. रंग मिश्र ठेवला, कारण मातीच्या आणि पाचोळ्याच्या रंगात मिसळणारा पक्षी घारीला सहज दिसत नाही. ग्रामप्रिया त्याच संस्थेची, वजनानं हलकी, अंड्यांसाठी. श्रीनिधी दोन्हींच्या मधली. गिरिराज बंगळूरच्या हेब्बाळमधली आणि महाराष्ट्रात सगळ्यांत आधी घरोघर पोचलेली.

यांच्याबाबत दोन गोष्टी शेतकऱ्याला विकतानाच सांगायला हव्यात, आणि त्या फार कमी ठिकाणी सांगितल्या जातात. एक, या पिल्लांना पहिले पाच-सहा आठवडे ऊब, पूर्ण खाद्य आणि लसीकरण देऊन कोंडून वाढवावं लागतं. पिल्लू निदान अर्धा किलोचं झालं, अंगावर पूर्ण पिसं आली, की मग बाहेर. दोन, हे संकर आहेत. यांची अंडी उबवून पुढची पिढी काढली तर आईचे गुण तसेच्या तसे येत नाहीत, आणि यांच्या माद्या सहसा खुडूक बसतही नाहीत. अंडी वाढवण्यासाठी केलेल्या निवडीत खुडूकपणा मुद्दामच कमी केला गेला, कारण खुडूक बसलेली कोंबडी त्या काळात अंडी देत नाही. म्हणजे दर एक-दोन वर्षांनी पिल्लं पुन्हा विकत घ्यावी लागणार.

यावर गावागावांत बायकांनी स्वतः काढलेला तोडगा मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. घरात दोन-तीन गावरान माद्या ठेवायच्या, त्या बसण्यासाठी. त्यांच्याखाली चांगल्या कोंबड्याची फलित अंडी ठेवायची, किंवा रात्रीच्या अंधारात केंद्रातून आणलेली एक दिवसाची पिल्लं त्यांच्या पंखाखाली सरकवायची. सकाळी ती आपलीच समजून कोंबडी त्यांना घेऊन बाहेर पडते. ऊब, राखण, शिकवण ही तिन्ही कामं एकटी गावरान कोंबडी करते आणि विजेचं बिल येत नाही. लसी मात्र त्यांनाही लागतात. ज्या घरात विकायला अंडी हवीत आणि रात्रीचं खुराडंही पक्कं आहे, तिथं अशा आईखाली वाढलेल्या ग्रामप्रिया ठेवाव्यात. ज्या घराला भिंतच नाही, तिथं त्या टिकणार नाहीत.

०००

आता अंगणातल्या इतरांकडे वळू.

गाई-बैलांशी कोंबडीचं नातं जुनं आणि दोघांच्या फायद्याचं. शेण उकरून ती माशांच्या अळ्या खाते. बसलेल्या जनावराच्या मानेवरचे, कासेजवळचे गोचीड वेचते. केनियात यावर नीट अभ्यास झाला आणि 1991 मध्ये तो प्रसिद्ध झाला. गोचीड लागलेल्या गुरांमध्ये कोंबड्या अर्धा ते एक तास सोडून नंतर त्यांची पोटं तपासली, तर एका कोंबडीमागे सरासरी 81 गोचीड मिळाले. आपल्याकडे हे काम चांगलं करते ती हलकी, चपळ, गुरांच्या अंगावर उडी मारणारी कोंबडी. चार किलोच्या जड पक्ष्याकडून ते होत नाही. पण ज्या दिवशी गुरांवर गोचीडनाशक फवारलं, त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस कोंबड्या गोठ्यापासून लांब ठेवाव्यात. विषारी गोचीड त्यांच्याच पोटात जातात.

हलक्या कोंबडीची एक खोडही आहे. ती उंचावर झोपते. गव्हाणीच्या वर वासा असेल तर रात्रभराची विष्ठा वैरणीत पडते, आणि सकाळी गाय तीच वैरण खाते. त्यातून पोटाचे आजार जातात. वासा हलवावा, कोंबडीला हाकलू नये. मेलेला पक्षी कुठेही वैरणीच्या गंजीत राहू देऊ नये. कुजलेल्या पक्ष्यातून तयार होणाऱ्या विषानं गुरांचे पाय लुळे पडतात आणि जनावर हातचं जातं. उपचार जवळजवळ नाही.

शेळीची गोष्ट उलटी आहे. तिथे कोंबडीपेक्षा शेळीला जपावं लागतं. कोंबड्यांचं खाद्य दिसलं की शेळी डबा पालथा करते. मका-ज्वारीचं भरडलेलं खाद्य एकदम पोटभर गेलं की पोटात आम्ल वाढतं, शेळी फुगते, दात खाते आणि दोन दिवसांत मरते. गावाकडे अशी शेळी गेली की दृष्ट लागली म्हणतात. दृष्ट लागलेली नसते, कोंबडीचा डबा उघडा राहिलेला असतो. म्हणून शेळ्या असलेल्या घरात ज्या जातीला रोज भांडं भरून खाद्य लागतं ती जात नको. पाला-किडे वेचून पोट भरणारी हवी. आणि जे थोडं खाद्य द्यायचं ते कोंबडी शिरेल पण शेळीचं तोंड शिरणार नाही अशा बांबूच्या कुडाआड द्यावं.

मेंढरं आणि घोडी सोबत असतील तर काळजी आणखी वाढते. मेंढीला तांबं सोसत नाही. कोंबडी-खाद्यात मिसळलेल्या खनिजांतलं तांबं कोंबडीला चालतं, मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस तिला घेऊन जातं. पिल्लांच्या तयार खाद्यात रक्ती हगवणीसाठी मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखी औषधं बरेचदा घातलेली असतात. ती घोड्याला अगदी थोड्या मात्रेतही जीवघेणी ठरतात. घोडी आणि विकतचं चिक-स्टार्टर एका तळावर असूच नये.

म्हणूनच धनगरांच्या वाड्यावरच्या कोंबड्या मला विशेष वाटतात. पावसाळा संपला, दिवाळी जवळ आली की माणदेशातले, बारामती-फलटणकडचे वाडे मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात. घोडीवर सगळा संसार लादलेला असतो. भांडी, वाघर, पालाचं कापड, त्यावर लहान मूल, आणि त्याच ओझ्यावर पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या. तळ पडला की दोरी सुटते. कोंबड्या मेंढरांत, कुत्र्यांत, घोड्यांच्या पायांत फिरतात. दिवस मावळला की पालापाशी येतात आणि डाल्याखाली जातात. दुसऱ्या पहाटे पुन्हा घोडीवर. जागा रोज नवी, रानही रोज नवं. अशा जगण्याला जी कोंबडी पुरी पडते तिच्यात काय काय असावं लागतं याचा विचार करावा. तळ बदलला तरी माणसाची हाक ओळखणं. हातात सापडण्याइतकी माणसाळलेली आणि कुत्र्याला न सापडण्याइतकी चपळ असणं. खाद्याच्या पोत्याशिवाय जगणं. वाटेतच खुडूक बसून, डाल्यात अंडी घेऊन प्रवास करणं. असले गुण लहान अंगाच्या गावरान कोंबडीतच एकत्र सापडतात. कुठल्याही संशोधन संस्थेच्या तक्त्यात या गुणांसाठी रकाना नाही, आणि तो असायला हवा. वाड्यावरच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जी निवड केली, ती निवडच आहे, तिला पैदाशीचं शास्त्रच म्हणायला हवं.

०००

असील आणि कडकनाथ ही दोन नावं आज गावरानच्या बाजारात सगळ्यांत जास्त विकली जातात, म्हणून त्यांच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे.

असील ही आपल्या देशातली फार जुनी, भरदार जात. उंच मान, घट्ट पिसं, लहान तुरा, नर तीन-चार किलोचा. शेकडो वर्षं झुंजीसाठी निवड झाल्यानं तो दुसऱ्या नराला सहन करत नाही. झुंजी लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, पण झुंजीचा स्वभाव कायद्यानं जात नाही. एका अंगणात एकच असील नर ठेवावा. टर्की, बदक किंवा दुसरा कोंबडा असेल तर तोही नको. लहान मुलं रांगत असतील तर आणखी विचार करावा. मादी मात्र उत्तम. अंडी थोडी, पण खुडूक बसण्यात आणि पिल्लं राखण्यात तिचा हात धरणारी दुसरी जात नाही. मांजरावर धावून जाणारी असीलची मादी गावोगाव पाहायला मिळते. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं असीलच्या संकरातून निर्भीक ही जात काढली, ती याच गुणासाठी. जिथं भटकी कुत्री आणि मुंगूस फार, तिथं असीलच्या रक्ताचा अंश कळपात असावा, असं माझं मत आहे.

कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरच्या भिल्ल, भिलालांची. कातडी, मांस, हाडांवरचं आवरणसुद्धा काळं. त्वचेतल्या रंगपेशी शरीरभर पसरवणाऱ्या एका जनुकीय बदलामुळे ते होतं. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यानंतर जणू ज्वर चढला. रक्तदाबापासून सगळ्या दुखण्यांवर औषध म्हणून तो विकला गेला. पिल्लं द्यायची आणि अंडी चढ्या दरानं परत घ्यायची अशा योजनांत सांगली-कोल्हापूर भागातल्या हजारो शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले आणि 2019 मध्ये ते फसले. त्यात कोंबडीचा दोष काडीचा नाही. कडकनाथ काटक आहे, उन्हात टिकतो, डोंगरात चरतो. पण तो भित्रा आहे, गजबजलेल्या गोठ्यात बुजतो, आणि मादी खुडूक फारशी नीट बसत नाही. ज्याच्याकडे मोकळं माळरान आहे आणि बसवायला दुसरी गावरान मादी आहे, त्यानं तो जरूर ठेवावा. गुंतवणूक म्हणून ठेवू नये.

टर्कीबद्दल सल्ला एका वाक्यात देता येतो. कोंबड्या फिरलेल्या जमिनीवर टर्की सोडू नका. कोंबडीच्या आतड्यातल्या एका बारीक जंताच्या अंड्यांतून ब्लॅकहेड नावाच्या रोगाचा जंतू पसरतो. कोंबडीला त्याचं फारसं काही होत नाही, टर्की मात्र यकृत सडून मरते. ती जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. बदकं असतील तर पाणी वेगळं ठेवावं. बदक पिण्याच्या भांड्याचं डबकं करतं, आणि बर्ड फ्लूचा विषाणू स्वतः आजारी न पडता वाहू शकतं.

उन्हाळ्याचा विचार विदर्भ-मराठवाड्यात वेगळा करावा लागतो. आपल्या गावरान कळपांत अधूनमधून उघड्या मानेची कोंबडी दिसते. एकाच जनुकानं मानेवरची पिसं जातात आणि अंगावरचीही बरीच कमी होतात, त्यामुळे अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. उलट्या पिसांच्या कोंबडीचंही तसंच. आपल्याकडे उलट्या पिसांचं कोंबडं म्हटलं की करणी आणि उतारा आठवतो. ते शोधून नेतात आणि कापतात. इज्जतनगरच्या संस्थेनं मात्र याच दोन गुणांवर हितकारी आणि उपकारी या उष्ण प्रदेशासाठीच्या जाती उभ्या केल्या. मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या गावात असं पिल्लू निपजलं तर ते विकू नये, देऊ नये, पैदाशीला ठेवावं.

०००

पुन्हा नवापूरला यावं लागतं. भारतात पाळीव कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो इथेच, फेब्रुवारी 2006 मध्ये. भोपाळच्या प्रयोगशाळेनं विषाणू असल्याची खात्री केली आणि लाखो पक्षी मारले गेले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांतही तेच झालं. 2021 मध्ये नवापूरला पुन्हा तीच वेळ आली. लागण झालेल्या जागेभोवती ठरवलेल्या अंतरातले सगळे पक्षी मारायचे, हा नियम माणसांच्या आणि बाकीच्या पक्ष्यांच्या भल्यासाठी आहे, त्याला माझा विरोध नाही. पण फार्ममधली कोंबडी मेली तर तिचीच जात दुसऱ्या जिल्ह्यातल्या उबवणी केंद्रातून पुढच्या महिन्यात येते. बसरा कुठून येणार? तिच्या घराचा एक भाग आणि देशातल्या मोठ्या फार्मचा पट्टा एकाच तालुक्यात आहेत. एका मोठ्या साथीत एक जात होत्याची नव्हती होऊ शकते.

रोजचा शत्रू मात्र बर्ड फ्लू नाही, मानमोडी आहे. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, तीन-चार दिवसांत खुराडं रिकामं. घारीनं आणि मुंगसानं मिळून वर्षभरात जेवढं नेलं नसेल तेवढं मानमोडी एका आठवड्यात नेते. तिच्यावर लस आहे आणि ती स्वस्त आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, चार आठवड्यांच्या सुमाराला पुन्हा एकदा, आठव्या आठवड्याला आर-टू-बीचं इंजेक्शन, आणि देवीची लस. अडचण अशी की लसीची कुपी साधारण शंभर किंवा जास्त मात्रांची येते, ती बर्फात न्यावी लागते आणि एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची मालकीण ती आणणार कशी? म्हणून ती आणत नाही, आणि कोंबड्या मरतात. मग सरकारी योजनेतून सुधारित जातीची पिल्लं येतात आणि तीही मानमोडीनंच मरतात. जात बदलून हा प्रश्न सुटत नाही.

पशुसंवर्धन विभागाकडे दोन मागण्या आहेत. पिल्लांच्या प्रत्येक वाटपासोबत गावाला वर्षातून तीनदा लसीचा दिवस द्या. त्यासाठी गावातल्याच एखाद्या बाईला शिकवून, बर्फाची पेटी हातात देऊन मानधन द्या. हे अशक्य नाही, लहान मुलांच्या पोलिओसाठी आपण ते करून दाखवलं आहे. दुसरी, नवापूरच्या पट्ट्याबाहेर, निदान दोन वेगळ्या जिल्ह्यांत, बसराचे शुद्ध कळप आजच उभे करा. साथ आल्यावर हे काम करता येणार नाही.

आणि ज्यांच्या अंगणात यंदा कोंबड्या यायच्या आहेत, त्यांना एवढंच सांगणं. पिल्लांची नोंदणी करण्याआधी एक दिवस पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत आपल्या अंगणात बसून पाहा. गुरं कुठं बांधली जातात, शेळ्या किती वेळ सुटलेल्या असतात, कुत्रं कुणाचं येतं, घार किती वेळा घिरट्या घालते, रात्री कोंबडी कुठं झोपणार. दोन-तीन गावरान खुडूक माद्या शेजारपाजारहून आधी घ्या, विकत किंवा अर्धलीनं. असीलची मादी मिळाली तर उत्तमच. खुराडं बांधा, लसीसाठी दहा घरं गोळा करा. त्यानंतर अंड्यांचा तक्ता उघडा.